उगवतीकडचं बटण

माझी शाळा चौथीपर्यंत. पाचवीला ओढा ओलांडून पलीकडच्या गावात जावं लागायचं आणि घरात म्हशी होत्या, म्हणून शाळा थांबली. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. वाचायला येतं, लिहायला येतं, आणि जे कळत नाही ते कळत नाही असं तोंडावर सांगायला येतं. या तिसऱ्या गुणामुळं म्हातारपणी मला कॉम्प्युटरचं काम लागलं.

काम लावलं नातीनं. ही थोरल्या मुलाची मुलगी. कराडला इंजिनिअरिंग केलं, दोन वर्षं पुण्यात काढली, मग घरूनच नोकरी करता येते म्हणून गावी आली. माजघरात उत्तरेच्या खिडकीपाशी टेबल मांडून, खिडकीकडं तोंड करून बसायची. दिवसभर नोकरीचं काम, आणि उरलेल्या वेळात एक फुकटचं काम. हे फुकटचं काम कसलं, ते मी विचारलं. ती म्हणाली, उघडं सॉफ्टवेअर. तिनं तासभर समजावलं, मला जेवढं कळलं तेवढं सांगते. दुकानातली लोणच्याची बरणी आपण आणतो, पण आत मोहरी किती आणि मेथी किती ते दुकानदार सांगत नाही. हे लोक लोणचंही देतात आणि कृतीही देतात. वर म्हणतात, हवं तर तिखट वाढव, तुझ्या शेजारणीला दे, फक्त तिलाही कृती लपवू नको.

मी म्हटलं, मग हे लोक पोटाला काय खातात? ती म्हणाली, दुसरीकडं नोकऱ्या करतात. मी म्हटलं, म्हणजे तुझ्यासारखे येडेच की. तर व्हय म्हणाली आणि हसत सुटली.

त्या वेळी ती ज्या सॉफ्टवेअरच्या मागं लागली होती ते पाण्याच्या पाळ्या लावायचं होतं. कुठल्या परमुलखातल्या माणसांनी त्यांच्या पाटासाठी केलेलं. पाट म्हटला की तिथंही भांडणं असणार, त्याशिवाय कोण एवढा खटाटोप करील. नात ते मराठीत आणत होती, आणि आणत होती ते तिच्या आत्यासाठी. आत्या म्हणजे माझी मुलगी.

मुलगी मी आटपाडीकडं दिली तेव्हा आमच्या उसातल्या भावकीनं नाकं मुरडली होती. तिकडं पोरीला प्यायला पाणी मिळायचं नाही, म्हणाले. पाणी मिळालं. उशिरा मिळालं, पण कालव्याचं मिळालं, आणि पाण्याच्या मागोमाग भांडणंही आली. एका पाटावर वीस-बावीस घरं. पाण्याची फेरी आली की रिवाज असा की आधी शेपटीच्या, म्हणजे पाटाच्या शेवटाच्या रानाला पाणी द्यायचं आणि मग चढत चढत वर यायचं. वरच्या माणसाला पहिलं दिलं तर खालच्याला चिखलसुद्धा मिळत नाही. ही पाळी लावणारा तो पाटकरी. पाटाचं दार उघडायचं लोखंडी हँडल त्याच्या घरात असतं आणि गावात त्याचा मान असतो.

पाटकरी होते माझ्या मुलीचे चुलत सासरे. म्हणजे माझे व्याही. माणूस तोंडानं कडू, पण कामाला चोख. कुणाची पाळी कवा, किती तास, गेल्या फेरीला कुणाचे किती तास राहिले, सगळं डोक्यात. कागद नाही, खडू नाही. पण डोळ्यांत मोती पडला, ऐकायलाही कमी येऊ लागलं, आणि एका उन्हाळ्यात दोन घरांची पाळी त्यांनी अदलाबदल केली. त्यावरून कुदळी निघाल्या. मग बैठक बसली. नवा पाटकरी कोण, यावर जो तो आपल्या पोराचं नाव घेऊ लागला. तेवढ्यात माझी मुलगी उठली. ती दहावी पास, गावातल्या बायकांत जास्त शिकलेली. म्हणाली, मी लावते पाळ्या, कॉम्प्युटरवर लावते, माझ्या भाचीनं केलंय.

सगळी बैठक हसली. व्याही हसले नाहीत. त्यांनी अट घातली. एक फेरी तिनं लावून दाखवायची, सगळ्यांसमोर. कुणाला विचारायचं नाही, फोन करायचा नाही, माहेरच्या माणसानं यंत्राला हात लावायचा नाही. अडली तर हँडल परत त्यांच्याकडं, आणि पुन्हा बाईनं त्याचं नाव काढायचं नाही.

मुलीनं मला हे फोनवर सांगितलं तेव्हा मी त्यांना शिव्या दिल्या. ती म्हणाली, “आये, मामंजी चुकीचं बोलत न्हाईत. पानी सोडलं की थांबत न्हाई. मी अडल्याव पोरीला तिकडनं आणंस्तवर सगळं वढ्याला जाईल.”

ते खरं होतं. पाटाच्या दारापाशी एक पत्र्याची खोली, तिथं सोसायटीचा जुना कॉम्प्युटर. जागा खोलगट, दोन्ही बाजूंना टेकाडं. फोनला रेंज हवी तर टेकाड चढायचं. नेट तर नाहीच.

मी नातीला म्हटलं, दाखव तुझं ते यंत्र, बघू आत्या कुठं अडते. तिनं मला खुर्चीवर बसवलं, हातात माऊस दिला. मी पाच मिनिटांत अडले. तिला आनंद झाला. म्हणाली, आजी, अडलं की इथं ‘मदत’ लिहिलंय ते दाब. दाबलं. काय सुंदर पान उघडलं. चित्रं, रंग, बाण. मी बघतच राहिले, आणि मग मला आटपाडीची ती पत्र्याची खोली आठवली. मी म्हटलं, आता नेट बंद कर आणि मग दाबू.

तिनं बंद केलं. मी दाबलं. पांढऱ्या पडद्यावर अक्षरं आली, ‘पान सापडले नाही’.

मला असलं हसू फुटलं की धाकटी सून चुलीपुढनं उठून आली. मदत मागायला गेलं तर मदतच हरवलेली. नात ओशाळली. म्हणाली, आजी, हल्ली सगळे असंच करतात, मदतीची पानं नेटवर ठेवतात. मी म्हटलं, “गाडीची स्टेपनी घरात ठिवून कुणी आटपाडीला जातंय का गं?”

हे वाक्य तिनं तसंच्या तसं त्यांच्या भाषेत करून त्या परमुलखातल्या येड्यांना पाठवलं. तीन दिवस त्यांची त्याच्यावर वादावादी चालली. मी रोज दुपारी विचारायची, काय म्हणतात तुझे लोणचंवाले. एक म्हणाला, पानं सॉफ्टवेअरच्या आतच बांधली तर बोजा वाढतो. मी म्हटलं, स्टेपनीचाही वाढतो. दुसरा म्हणाला, नेटवरची पानं ताजी असतात, आतली शिळी होतील. यावर मात्र मला थांबून विचार करावा लागला, कारण शिळ्याचं मलाही पटतं. पण मग मला सुनेचा मिक्सर आठवला. मिक्सर जुना, आणि दुकानदारानं चुकून नव्या मिक्सरचं पुस्तक दिलेलं. पुस्तकात लिहिलेलं, तिसरं बटण दाबा. मिक्सरला बटणं दोनच. सून आठवडाभर तिसरं बटण शोधत होती, खालनं वरनं. मी म्हटलं, आत्याकडं जे सॉफ्टवेअर आहे त्याच्याच वयाचं पुस्तक तिला पाहिजे. ताजं पुस्तक आणि जुनं यंत्र, ह्यात माणूस येडं होतं.

हेही तिनं पाठवलं. आणि ऐका, ते लोक मानले. म्हणाले, ठीक आहे, पानं आत बांधू. एकानं स्टेपनीच्या वाक्यापुढं बदाम काढून पाठवला. या वयात मला बदाम आला, आणि तोही कुठल्या देशातनं ते ठाऊक नाही. मी तो धाकट्या सुनेला दाखवला, शेजारच्या दोघींना दाखवला, आणि डेअरीत दूध घालायला गेले तेव्हा नातीचा फोन मागून नेऊन तिथंही दाखवला.

पण पानं आत बांधणं म्हणजे पोतं शिवण्यासारखं सोपं नाही. पहिल्यांदा बांधली आणि नेट काढून उघडली, तर अक्षरं आली, चित्रं नाहीत. चित्राच्या जागी नुसता फाटल्या कागदाचा तुकडा. चित्रं अजून नेटवरच राहिलेली. ती आणली. मग आमच्या गावातल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर लावून बघितलं तर चित्रं आली आणि मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन, खिडक्यांच्या गजांसारखे. अक्षरांचा साचासुद्धा नेटवरनं येत होता म्हणे. तोही आत घातला. मग पानातलं काही शोधायला गेलं की शोधणारा गडी बाहेर नेटवर पळायचा. त्याला आत आणून बसवलं. प्रत्येक वेळी मी नातीला म्हणायची, नेटची वायर उपस. ती म्हणायची, आजी, वायर नसते आता. मग जे काय असेल ते उपस.

एवढं झाल्यावर मी पानं वाचली, आणि खरी कटकट तिथं सुरू झाली. पहिलंच वाक्य होतं, ‘वापरकर्त्याने सर्वप्रथम लाभधारकांची सूची प्रणालीमध्ये समाविष्ट करावी’. मी विचारलं, हे कोण बोलतंय, तलाठी का? ती म्हणाली, मीच लिहिलंय. मी म्हटलं, तुझ्या आत्यासमोर बावीस घरं उभी असतील, पाणी दाराशी आलेलं असेल, आणि तू तिला प्रणाली सांगणार?

मग आम्ही दोघींनी सगळी पानं नव्यानं लिहिली. मी पावटा सोलत सांगायची, ती टाइप करायची. पावटा संपला, मग घेवडा आला, तोही संपला. माझा नियम एकच होता. चुलीवर दूध ठेवलं तर ते उतू जायच्या आत पान वाचून झालं पाहिजे. नाहीतर पान तोडायचं. नातीला ‘आपण’ म्हणायचं होतं. मी म्हटलं, अडल्या माणसाला ‘आपण’ म्हटलं की त्याला वाटतं हा काही उठून मदतीला येत नाही. ‘तू’ म्हण, जरा रागाव, म्हणजे बरं वाटतं. म्हणून आमची पानं अशी सुरू होतात, ‘घाबरू नको. आधी हात पूस’. ‘एका घराला सुतक असेल तर त्याची पाळी पुढच्याला दे आणि तेरावं झालं की त्याचे तास त्याला परत दे, विसरू नको’. ‘बेंदराच्या दिवशी सगळे बैलांत असतात, कुणी दार धरत नाही, तो दिवस कोराच सोड’. परमुलखातल्या लोकांना सुतकाचं पान फार आवडलं. त्यांनी विचारलं, हे किती दिवसांचं असतं. नातीनं सांगितलं. त्यांनी यंत्रात सुतकाला जागा करून दिली. माझ्या आयुष्यात मी एवढी माणसं एका बैठकीत शहाणी झालेली बघितली नाहीत.

एकच गोष्ट त्यांनी बदलली नाही. यादी तयार झाली की खाली दोन गोल बटणं यायची. दोन्हींवर गोल फिरणारा बाण, एक असा फिरतो, एक तसा. एकानं यादी रीतीप्रमाणं लागते, शेपटीकडून वर. दुसऱ्यानं ती उलटी होते. मला ती दोन बटणं जुळ्या जावांसारखी दिसायची. मी म्हटलं, त्यावर नावं घाला. ते म्हणाले, चित्र सगळ्या भाषांत चालतं, नावं पुढच्या खेपेला बघू. फेरी तर आठ दिवसांवर आलेली. मग मी म्हटलं, असू दे, पानात लिहू. आणि मी सांगितलं आणि नातीनं लिहिलं, ‘उगवतीकडचं बटण दाब, यादी लागेल. मावळतीकडच्याला हात लावू नको, यादी उलटी होते’.

आमच्या घरात मीठ मावळतीकडच्या फडताळात असतं आणि म्हैस उगवतीकडच्या दाव्याला. माझ्या सासूनं मला असंच सांगितलं, मी सुनांना असंच सांगितलं, नात त्यातच वाढली. तिनं इंजिनिअरिंग केलं तरी ते वाक्य वाचून तिला खटकलं नाही. आम्ही नेट काढून बघितलं, अक्षरं बघितली, चित्रं बघितली, जुन्या कॉम्प्युटरवर बघितलं. तो जुना कॉम्प्युटरसुद्धा घरी आणून त्याच टेबलावर ठेवून बघितला.

फेरीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी एसटीनं विट्यावरनं आटपाडीला गेलो. सॉफ्टवेअर आणि त्याच्या पोटातली पानं बोटाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये होती आणि पेनड्राइव्ह माझ्या पिशवीत, कारण नात वस्तू हरवते. त्या संध्याकाळी तिनं पत्र्याच्या खोलीत ते बसवून दिलं, बावीस घरांची नावं आत घातली आणि उठली. त्यानंतर यंत्राला हात लावायचा तिला अधिकार नव्हता.

सकाळी सगळी घरं जमली. खोलीत मावत नव्हती, दाराबाहेरपर्यंत माणसं. मला आणि नातीला एका बाकावर बसवलं. व्याह्यांनी मला बजावलं, “ईनबाई, तोंड बंद ठिवायचं. येक शबुद बोलला तर पोरीची पाळी ग्येली.”

मी म्हटलं, जन्मात पहिल्यांदा तुम्ही मला गप्प केलं, लोकांना सांगा. लोक हसले. तेवढं बोलून मी पदर तोंडात धरला.

मुलगी भिंतीकडं तोंड करून बसली, कारण खोलीत विजेचा प्लग एकाच भिंतीला. तिची पाठ लोकांकडं. तिचे खांदे आवळलेले मला बाकावरून दिसत होते. मागनं जो तो बोलत होता. पोरी, चित्र लागलं का. पोरी, गाणं लाव एखादं. तिनं तास घातले, एका घराला सुतक होतं ते घातलं, आणि खाली ती दोन गोल बटणं आली. ती थांबली.

पाटाच्या अगदी वरच्या टोकाला ज्याचं रान, तो माणूस दारात उभा होता. तो म्हणाला, “अडली बगा.”

तिनं ‘मदत’ दाबलं. पान उघडलं. अक्षरं आली, चित्र आलं, सगळं आलं. नातीनं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. व्याह्यांना दिसत नव्हतं म्हणून ते म्हणाले, मोठ्यानं वाच. मुलीनं वाचलं, “घाबरू नको. उगवतीकडचं बटण दाब, यादी लागेल.”

तिनं दारातनं बाहेर बघितलं, ऊन कुठनं येतंय ते बघितलं, आणि उगवतीच्या अंगाचं बटण दाबलं.

यादी उलटी लागली. वरच्या टोकाचा तो माणूस पहिला, आणि शेपटीची बाई, जिच्या डाळिंबाला महिनाभर पाणी नव्हतं, ती शेवटची.

मग जो कालवा झाला तो काय सांगू. वरचा म्हणाला, यंत्रच म्हणतंय आमचं पहिलं, यंत्राला काय कळत न्हाई व्हय. शेपटीची बाई म्हणाली, मी त्या यंत्राला पाटात बुडवीन. मुलीनं परत ‘मदत’ दाबलं, परत मोठ्यानं वाचलं, “यादी उलटी दिसली तर तू मावळतीकडचं दाबलंस. आता उगवतीकडचं दाब.” ती म्हणाली, उगवतीकडचंच दाबलंय की. तिनं परत दाबलं. यादी हलली नाही. मी पदर चावत होते. मलासुद्धा कळेना. तेच पान, तीच बटणं, घरी शंभर वेळा लागलेली यादी. नात मात्र पांढरी पडली. तिनं भिंतीकडं बघितलं, मग दाराकडं, मग डोळे मिटून घेतले. तिला कळलं होतं आणि तिला बोलता येत नव्हतं.

व्याही काठीवर हनुवटी ठेवून बसले होते. त्यांनी हात वर केला, लोक गप्प झाले. ते म्हणाले, “परत वाच. सावकाश.”

तिनं वाचलं.

“हे लिवणारं मानूस,” व्याही म्हणाले, “दक्षिणंला तोंड करून लिवायला बसंल का?”

लोक एकमेकांकडं बघू लागले.

“पत्रिका लिवताना आपुन बसतो का दक्षिणंला तोंड करून? जेवायला तरी बसतो का? शानं मानूस लिवायला उत्तरंला तोंड करून बसतंय. मग त्याच्या उजव्या हाताला उगवत. आन् तू बसलीयास यमाकडं तोंड करून. तुजं सगळंच उलटं.” मग ते उठले आणि काठीनं टेबल ठोकलं. “फिरवा ह्ये.”

मला सांगायला पाहिजे की त्यांना फक्त बटण बदल म्हणता आलं असतं. उजवीकडचं दाब, एवढंच. पण ते त्यांना सुचलं नाही, मला सुचलं नाही, खोलीतल्या एकाही माणसाला सुचलं नाही. पानात उगवत लिहिलंय तर उगवत जिथं आहे तिथं ती राहणार, मग फिरायचं कुणी, तर टेबलानं. सगळ्यांना ते बरोबर वाटलं. चार गड्यांनी टेबलाचे चार पाय धरले. एक म्हणाला वायर तुटंल, दुसऱ्यानं वायर डोक्यावर धरली, तिसऱ्यानं कॉम्प्युटरचा डबा पोटाशी धरला तान्ह्या लेकरासारखा. चालू यंत्रासकट टेबल गर्रकन फिरलं. खुर्ची भिंतीपाशी सरकवली. शेपटीची बाई ओरडत होती, हळू, माजी डाळिंबं हायती त्यात. नात बाकावर हसून हसून आडवी झाली आणि मला तिचं तोंड दाबावं लागलं, कारण हसणं म्हणजे बोलणं धरतील की काय, कुणास ठाऊक.

मुलगी भिंतीला पाठ लावून बसली. तिनं ऊन बघितलं, उगवतीकडचं बटण दाबलं.

यादी लागली. शेपटी पहिली, मग तिच्यावरचं घर, मग त्याच्यावरचं, जसं पाणी आजवर गेलं तसं. सुतकाच्या घराचे तास बाजूला ठेवलेले. मुलीनं एकेक नाव वाचलं. प्रत्येक नावाला व्याही मान हलवत होते, कारण तीच यादी त्यांच्या डोक्यात होती आणि ती पडताळून बघायला दुसरं कुणी नव्हतं.

वरच्या टोकाचा माणूस सोडायला तयार नव्हता. म्हणाला, तिला तुम्ही सांगितलं, म्हंजी ती अडली, अट मोडली. यावर सगळे व्याह्यांकडं बघू लागले. मलाही वाटलं, आता हा कडू माणूस काय करतोय. त्यांना हँडल परत हवं असतं तर तेवढंच म्हणायचं होतं, व्हय, अडली.

ते म्हणाले, “तिनं कुनाला इचारलं? पान उगडलं, पानानं सांगितलं. टेबल वाकडं हुतं ते मी सरळ केलं. टेबलाची अट हुती का?”

मग त्यांनी हँडल तिच्याकडं दिलं नाही. तसं काही केलं नाही. ते म्हणाले, माझा हात दुकतोय, जा, दार तू उगड. ती गेली. दार उघडलं, पाणी पाटात आलं, आणि शेपटीची बाई चपला हातात घेऊन पाण्याच्या पुढं पळत सुटली, पाणी वाटेत कुणी फोडू नये म्हणून. तिच्या मागं मीही थोडी पळाले. का पळाले सांगता येत नाही. माझं काही डाळिंब नव्हतं.

परत येताना एसटीत नातीनं ते वाक्य बदलायला घेतलं. उगवत काढून उजवं लिहिलं, डावं लिहिलं. तिनं परमुलखातल्या लोकांना झालेली गोष्ट कळवली, त्यांनी नाव नसलेल्या बटणांवर नावं घातली आणि सुधारलेली पानं नव्या सॉफ्टवेअरच्या पोटात बांधून पाठवली. माझ्यासाठी त्यांनी लिहिणाऱ्यांच्या यादीत जागा केली. मी नाव घालू नका म्हटलं, तर ‘चौथी पास’ असं घातलंय.

दोन महिन्यांनी मी मुलीकडं गेले ते नवा पेनड्राइव्ह घेऊन. तिनं तो घेतला आणि डब्यात ठेवला. म्हणाली, आये, माझं जुनं यंत्र आणि त्याच्या पोटातलं जुनं पान एकमेकांशी जुळतंय, फेरी संपली की मग लावीन. माझंच मिक्सरचं बोलणं तिनं मला परत ऐकवलं.

टेबल कुणी परत भिंतीला लावलेलं नव्हतं. ती भिंतीला पाठ लावून बसली होती आणि जो येईल तो तिच्या टेबलापुढं उभा राहत होता. मी असतानाच वरच्या टोकाचा माणूस आला. दारातच चपला काढल्या, दोन पावलं आत आला, टोपी नीट केली.

“वयनी,” तो म्हणाला, “आमची पाळी कवा हाय?”

तिनं मान वर केली नाही. पडदा बघितला, शुक्रवार दुपार सांगितली आणि पुढच्याला बोलावलं.